गरम डोक्याचा कंडेन्सर

सकाळी सातला, गारठ्यात, पहिल्या हँडलला चालू. दुपारी साडेबाराला, उन्हात, उसाच्या दोन सरींच्या मधोमध गप्प. जुन्या पेट्रोल-रॉकेलच्या ट्रॅक्टरचं हे वागणं बघून माणूस आधी पत्रिका काढतो, मग कार्बोरेटर काढतो. काढायचं असतं भलतंच.

डिझेलवाल्यांनी पुढं वाचलं नाही तरी चालेल. त्यांच्या इंजिनात ठिणगीच नसते, म्हणून कंडेन्सरही नसतो. त्यांची दुखणी वेगळी आणि महाग असतात. हे पुराण आहे ते कोव्हेंट्रीत १९४६ ते १९५६ या काळात बनलेल्या राखाडी फर्ग्युसन टीई-२० सारख्यांचं. त्यातल्या रॉकेलछाप तेलावर चालणाऱ्या अवताराला आधी पेट्रोल पाजून तापवायचं आणि मग स्वस्त तेलावर आणायचं. पाहुण्याला आधी पांढरा रस्सा, मग रोजची आमटी.

तर, ट्रॅक्टर बसला की कोल्हापूरच्या कुठल्याही शिवारात पाच मिनिटांत बांधावर चार माणसं उगवतात. “कार्बोरेटरात कचरा हाय.” “रॉकेलात पाणी हाय.” “प्लग पुसा की, अण्णा.” चौथा नुसता बॉनेटवरून हात फिरवतो आणि म्हणतो, “इकून टाक, भावा.” या गदारोळात अर्धा तास जातो, चहा येतो, इंजिन निवतं, आणि हँडल मारताच गडी ठणठणीत सुरू. त्या क्षणी ज्याचा हात ज्या नटावर असेल तो नट गुन्हेगार आणि तो माणूस गावचा मिस्त्री. ट्रॅक्टर पुन्हा तापून बसेपर्यंत ही पदवी टिकते.

मला विचाराल तर पहिला संशय डिस्ट्रिब्युटरच्या, म्हणजे प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या डब्याच्या, कॅपखाली बसलेल्या, अंगठ्याएवढ्या पत्र्याच्या डबीवर, म्हणजे कंडेन्सरवर घ्यावा. आत अॅल्युमिनियमच्या वर्खाच्या दोन लांब पट्ट्या, मधे मेणात किंवा तेलात भिजवलेला कागद, आणि सगळ्याची घट्ट गुंडाळी. एक पट्टी डबीच्या अंगाला, म्हणजे अर्थला, टेकलेली. दुसरीची शेपटी बाहेर येऊन पॉइंटला, म्हणजे करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या उघडझाप करणाऱ्या टोकांना, जोडलेली. बास. हलणारं काही नाही, झिजणारं काही नाही. म्हणूनच कुणी त्याच्याकडं बघत नाही.

त्याचं काम नदीवरून पाणी उचलणाऱ्या शेतकऱ्याला चटकन कळतं. पंचगंगेवरून लांबलचक पाइपलाइन आणलेली असते. लाइट जाते, मोटर थांबते, पण पाइपातलं पाणी थांबायला तयार नसतं. ते धडका मारतं आणि एखादा सांधा उडवतं. शहाणा माणूस लाइनीवर हवेचं भांडं बसवतो. धडक त्यात जिरते. ठिणगीसाठी व्होल्टेज चढवणाऱ्या कॉईलमधला करंट त्या पाण्यासारखाच हट्टी. पॉइंट मिटलेले असताना १२ व्होल्टच्या बॅटरीतून तीन-चार अँपिअर करंट कॉईलच्या जाड वेढ्यांतून निवांत वाहतो. डिस्ट्रिब्युटरमधल्या फिरत्या कॅमनं पॉइंट उघडले की तो थांबायला नको म्हणतो, २०० ते ३०० व्होल्टपर्यंत उसळतो आणि उघडणाऱ्या फटीतून उडी मारायला बघतो. ऐन वेळी कंडेन्सर म्हणतो, “इकडं या, बसा.” करंट त्याच्यात शिरतो, तेवढ्यात पॉइंट पुरेसे लांब जातात. करंट झटक्यात तुटतो, कॉईलमधलं चुंबकत्व एकदम कोसळतं आणि बारीक तारेच्या हजारो वेढ्यांत पंधरा-वीस हजार व्होल्ट तयार होऊन प्लगला ठिणगी पडते. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला १५०० फेरे घेत असेल तर हा पाहुणचार सेकंदाला पन्नास वेळा.

कंडेन्सर नसला की करंट पॉइंटवरच जळतो, चुंबकत्व रेंगाळत उतरतं आणि प्लगला उरलंसुरलं मिळतं. पॉइंटवर दिवाळी, प्लगवर नुसतीच अमावस्या.

बिघडण्याच्या तऱ्हा तीन. आतून शॉर्ट झाला तर पॉइंट उघडूनही विजेच्या हिशेबानं मिटलेलेच. ठिणगी शून्य, ट्रॅक्टर ठार. आतली जोडणी तुटली तर इंजिन कसंबसं चालतं, ओढीला मिसिंग करतं, आणि नवे पॉइंट थोड्याच दिवसांत निळे-काळे पडतात. दोन्ही परवडले, कारण ते स्थिर असतात. तिसरी तऱ्हा छळाची. कागद जुना होतो, ओल खातो, आणि तापला की गळायला लागतो. थंड असताना साधू, गरम झाला की चोर. मिस्त्रीच्या टेबलावर न्यावा तर मीटर म्हणतो, काही झालेलं नाही. ताप आलेलं पोर दवाखान्याच्या पायरीवर हसायला लागतं, तसं.

म्हणून तपास ट्रॅक्टर बसल्याबसल्या, चहाच्या आधी करायचा. कॉईलची जाड वायर डिस्ट्रिब्युटरमधून उपसून तिचं टोक ब्लॉकपासून सहा मिलिमीटरवर धरा, कोरड्या लाकडी चिमट्यानं, हातानं नाही. दुसऱ्याला हँडल मारू दे. निळी, जाड, टक्‌ वाजणारी ठिणगी आली तर खुशाल कार्बोरेटरवाल्याचं ऐका. पिवळी, मरतुकडी आली किंवा आलीच नाही, तर पॉइंट बघा. फट साधारण ०.३८ मिलिमीटर, म्हणजे १५ थाऊ (इंचाचे हजारावे भाग). काही मॉडेलांना यापेक्षा कमी-जास्त लागते, तेव्हा पुस्तकातला आकडा फिलर गेजनं, म्हणजे फट मोजायच्या पात्यानं लावा, नखानं नाही. पॉइंट उघडताना तिथं ढळढळीत जाळ दिसला तर कंडेन्सर तुटलाय किंवा त्याचा स्क्रू ढिला होऊन अर्थ सुटलाय. स्क्रू आवळून बघणं फुकट असतं.

कपॅसिटन्स, म्हणजे कंडेन्सरची साठवण, दाखवणाऱ्या मीटरवर ०.२ ते ०.२५ मायक्रोफॅरडच्या आसपास आकडा यावा. पण मीटरची बॅटरी ९ व्होल्टची, आणि चोर चोरी करतो २०० व्होल्टच्या पुढं. त्यासाठी कोल्हापूरच्या उद्यमनगरात मोटर रिवाइंडिंगवाल्याकडं जा, त्याच्याकडं मेगर, म्हणजे जास्त व्होल्ट देऊन गळती तपासायचं यंत्र असतं. कंडेन्सर प्लास्टिकच्या पिशवीत बांधून कढत पाण्यात दहा मिनिटं ठेवा आणि २५० व्होल्टच्या रेंजवर तपासा. गळती दिसली तर तोच चोर. मग त्याची शेपटी त्याच्याच डबीला टेकवून भरलेला करंट उतरवा. नाहीतर तो खिशात चावतो. नव्या पोराला “हे धर” म्हणून भरलेला कंडेन्सर देण्याची गॅरेजातली मस्करी जुनी आहे, आणि वाईट आहे.

दुकानात नुसतं “कंडेन्सर द्या” म्हणू नका. फ्रिजची जाळीही कंडेन्सर आणि पंख्याची पांढरी डबीही कंडेन्सरच. पंख्याचा बसवून बघा, असं सांगणारा शहाणा बांधावर हमखास असतो. त्या डबीवर साधारण २.५ मायक्रोफॅरड लिहिलेलं असतं, म्हणजे जवळपास दहापट. एवढ्या मोठ्या भांड्यात धडक पार जिरून जाते, व्होल्टेज चढतच नाही. मिसळीच्या एका वाटीला बादलीभर पाणी ओतल्यावर कट कुठं शोधायचा?

शेतातच अडलात आणि जुन्या जीपचा किंवा अॅम्बेसेडरचा कंडेन्सर हाताशी असला, तर डिस्ट्रिब्युटर खोलून आत घुसवायची गरज नाही. जुन्याची शेपटी आधी सोडवा. शॉर्ट झालेला असेल तर तो नव्यालाही घेऊन बुडतो. मग नव्याची वायर डिस्ट्रिब्युटरवर कॉईलची बारीक वायर येते त्या टर्मिनलला जोडा आणि डबी बाहेरच घासून चकचकीत केलेल्या लोखंडावर स्क्रूनं आवळा. दिसतं विचित्र, चालतं झकास.

आणि पॉइंट बदलताना चांगला चालणारा जुना कंडेन्सर उगाच फेकू नका. नवा आहे म्हणून तो चांगलाच असेल असं नाही, हल्ली तर नाहीच.

मेलेल्याची शेपटी मात्र तिथल्या तिथं पक्कडीनं मुळापासून छाटा. नाहीतर तो टूलबॉक्सात पडून थंड होतो, पुन्हा साधू होतो, आणि पुढच्या वेळी कुणीतरी “हा बघ, चांगला हाय की” म्हणून तोच बसवतो.