गुडघ्याच्या नावाखाली

ही पोस्ट टाकण्याआधी दादाला वाचून दाखवली. त्याने दोन वाक्यं काढायला लावली, एक घालायला लावलं. तेव्हा ‘घरातल्या गोष्टी चव्हाट्यावर कशाला’ असं कुणी लिहू नका.

२०२१ च्या पावसाळ्यात आम्ही दादाला फसवून मनोविकारांच्या हॉस्पिटलात अ‍ॅडमिट केलं. अकरा रात्री तो झोपला नव्हता. जेवणात विष आहे म्हणून फक्त सालीची वस्तू खायचा, केळी आणि उकडलेली अंडी, तीही स्वतः सोलून. त्याआधीचे दोन महिने आम्ही ‘बाहेरचं आहे’ म्हणणाऱ्या काकांचं ऐकून देवऋषाकडे घालवले होते, ते वेगळंच. मग एके रात्री तो गच्चीच्या कठड्यावर बसलेला दिसला आणि सगळ्यांची पाचावर धारण बसली.

तीन आठवडे उंबरठा न ओलांडलेल्या माणसाला गाडीत कसं बसवायचं? आम्ही म्हणालो, आईचे गुडघे पुण्याला दाखवायचेत, तू सोबत चल. तो उठला, बूट घातले. आईसाठी. हॉस्पिटलच्या दारात दोन वॉर्डबॉय पुढे आले, तेव्हा त्याने आमच्याकडे बघितलंही नाही. आईकडे बघितलं.

कागद सगळे चोख होते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम ८९ प्रमाणे दोघांनी स्वतंत्र तपासलं, त्यातले एक मनोविकारतज्ज्ञ. नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे रुग्णाच्या वतीने अर्ज करणारी व्यक्ती, म्हणून माझी सही. या कलमाखाली जास्तीत जास्त तीस दिवस ठेवता येतं, आम्हाला तेवीस पुरले. डिस्चार्ज कार्डावर ‘सुधारणा’ लिहिलेलं होतं आणि ते खरंही होतं. झोप लागत होती, वरणभात खात होता.

घरी आल्यावर मात्र आमच्या हातची गोळी तो घेईना. जिभेखाली धरून मोरीत टाकायचा. डॉक्टर म्हणाले, आजाराची जाण कमी आहे. असेलही. पण विषाचा भ्रम गेला होता. ‘हे लोक मला फसवतात’ हा भ्रम नव्हताच, ते घडलेलं होतं.

आता माझं मत. सक्तीने दाखल करावं की नाही यावर आपण हिरिरीने भांडतो. एका बाजूला ‘सक्ती म्हणजे हिंसाच’ म्हणणारे, दुसऱ्या बाजूला ‘येरवड्याला पाठवा’ म्हणून हसणारे. मी सक्तीच्या विरोधात नाही. त्या कठड्यावरून दादाला उतरवलेलं मी पाहिलंय. पण नेलं कसं, पहिल्या आठवड्यात वागवलं कसं आणि सोडल्यावर पहिले तीन महिने कुणी काय केलं, यावर कुणी बोलत नाही. माणूस पुढे औषध घेईल की नाही, हे माझ्या मते तिथे ठरतं.

इंग्लंडमध्ये मनोविकारतज्ज्ञ स्टीफन प्रीबे आणि सहकाऱ्यांनी सक्तीने दाखल झालेल्या रुग्णांना वर्षभरानंतर गाठून विचारलं होतं. अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. सुमारे ४० टक्के म्हणाले, दाखल केलं ते योग्यच होतं. १५ टक्के वर्षभरात पुन्हा सक्तीने आत गेले. या ४० टक्क्यांवरून दोन्ही बाजू आपापली पोळी भाजून घेऊ शकतात. माझं लक्ष वेगळ्या गोष्टीने वेधलं: सुरुवातीच्या दिवसांत उपचारांबद्दल जे जास्त समाधानी होते, तेच वर्षानंतर ‘योग्य होतं’ असं जास्त म्हणत होते, आणि जे असमाधानी होते ते पुन्हा सक्तीने जास्त दाखल झाले. यातून कार्यकारण सिद्ध होत नाही, हे मलाही कळतं. पण आमच्या घरात जे झालं ते याला सोडून नव्हतं.

आणि डिस्चार्ज म्हणजे सुटलो, असं घरच्यांना वाटतं तेव्हाच खरी भीती असते. सक्तीचे असोत वा स्वेच्छेने गेलेले, मनोरुग्णालयातून सुटलेल्यांमध्ये आत्महत्येचं प्रमाण पहिल्या तीन महिन्यांत सगळ्यात जास्त असतं, हे जगभरच्या अभ्यासांतून दिसलंय. आम्हाला त्या दिवशी काय मिळालं? पंधरा दिवसांच्या गोळ्या आणि बिल. सोडताना पुढच्या उपचारांची आखणी करायची, हे याच कायद्याचं कलम ९८ सांगतं. ते मला नंतर कळलं. रात्री-अपरात्री विचारायला आता १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे, तेव्हा तो नव्हता.

(सरकारी मनोरुग्णालयांत तर बरे होऊनही घरच्यांनी न नेलेले लोक आहेत. घर नाही किंवा घरचे नाकारतात, एवढ्यासाठी कुणाला आत ठेवता येणार नाही असं कलम १९ म्हणतं. मनोविकारतज्ज्ञ डॉ. हरीश शेट्टी यांच्या याचिकेतून हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. त्यावर वेगळं लिहीन.)

२०२२ च्या दिवाळीत दादा पुन्हा बिघडला. या वेळी हॉस्पिटल दुसरं होतं. तिथल्या समाजसेविका बाई फोनवर म्हणाल्या, “खोटं सांगून आणू नका. काय करणार आहात ते त्यांना घरीच सांगा.” मी सांगितलं. “दादा, तुला अ‍ॅडमिट करणार आहोत. तुला नकोय, ठाऊक आहे. तरी नेणार. चार वाजता गाडी येईल.”

चमत्कार वगैरे झाला नाही. त्याने आईबहिणीवरून शिव्या दिल्या. मी भरून ठेवलेली पिशवी त्याने लाथाडली. दोघांनी धरून बसवावं लागलं. पण स्वतःची पिशवी स्वतः भरली होती, त्यात रेडिओ घेतला होता. परत आल्यावर तिसऱ्या दिवशी माझ्या हातून गोळी घेतली, पाणी मागितलं.

त्याने घालायला लावलेलं वाक्य हे: “दुसऱ्या वेळीही मला जायचं नव्हतं, आजही ते मला चूकच वाटतं, पण कुठे चाललोय ते मला माहीत होतं.”

बरा असताना त्याने आगाऊ निर्देश लिहून ठेवलाय. कायद्याच्या कलम ५ ने तो हक्क दिलाय: पुढे आजारात आपल्यावर उपचार कसे व्हावेत, कसे होऊ नयेत, हे आधीच लेखी सांगण्याचा. आणीबाणीच्या उपचारांना तो लागू होत नाही, तरी घरच्यांना वाचता येतो. कोणतं औषध सोसत नाही, कुणाला फोन करायचा, असं सगळं आहे. चौथा मुद्दा: ‘आईचं नाव घेऊन मला गाडीत बसवू नये.’

गेल्या महिन्यात आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला तो सोबत आला. गाडीत बसण्याआधी डॉक्टरांची चिठ्ठी मागितली. आईचं नाव, तारीख, वेळ वाचली, घडी घालून खिशात ठेवली आणि पुढच्या सीटवर बसला.