मुंबई ते नेवार्क, व्हाया बाबा

गूगलला विचारलं तर मुंबई ते अमेरिकेतलं नेवार्क साडेबारा हजार किलोमीटर, साधारण पंधरा-सोळा तास, विषय संपला. आमच्याकडे विषय तिथून सुरू होतो, कारण बाबा एसटीत वाहतूक नियंत्रक होते, बरीचशी नोकरी स्वारगेटला, आणि गाडी कुठलीही असो, किती वाजता सुटली, किती वाजता लागली आणि मधे किलोमीटर किती, हे कळल्याशिवाय त्यांच्या घशाखाली घास उतरत नाही.

ताईकडे, नेवार्कजवळच्या एडिसनला, पोचल्या पोचल्या फोन केला. तब्येतीची चौकशी आईवर सोडून बाबा डायरेक्ट, "सुटली कितीला?" म्हटलं रात्री दीडला. "लागली?" सकाळी साडेसातला. "म्हणजे सहा तास. ताशी दोन हजाराच्या वर पळवलीय रे!" आता एवढ्या स्पीडने पॅसेंजर नेणारं विमान म्हणजे कॉन्कॉर्ड, ते २००३ सालीच बंद झालं, आणि हे कौतुक मी ऐकत होतो ते पुढच्याने सीट मागे पाडल्यामुळे पंधरा तास गुडघे चेपून घेतल्यावर. मग घड्याळातला साडेनऊ तासांचा फरक समजावला, वर हिवाळ्यात तोच साडेदहा होतो, कारण इथे घड्याळंच मागेपुढे करतात. "असं टाइमटेबल चालतं होय," म्हणाले आणि फोन आईकडे दिला.

परतीला नेमकं उलटं. रात्री साडेआठला निघालो, मुंबईत दुसऱ्या दिवशी रात्री आठला. साडेतेवीस तास! "येताना चढ असणार," बाबा म्हणाले, डोक्यात बोरघाट. खरं तर येतानाच विमान लवकर येतं, नऊ-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीमचा वारा धावत असतो, तो मागून रेटतो. चौदा तासांत आलो होतो, पण घड्याळ बघणाऱ्याला ते कसं पटवणार.

त्यात मी समोरच्या स्क्रीनवरच्या नकाशाचा फोटो दाखवायला गेलो. विमान पार वर, ग्रीनलंडच्या टोकाशी. अमेरिका डावीकडे सरळ रेषेत असताना हा तिकडे कशाला गेला, स्टेशनवरच्या रिक्षावाल्यासारखा फिरवून नेतोय का! शेवटी देवघराशेजारचा पृथ्वीचा गोल काढला, आईच्या शिलाईच्या डब्यातला दोरा मुंबईपासून नेवार्कपर्यंत ताणून धरला, तर तो आपोआप सरकत उत्तरेला नॉर्वेपर्यंत गेला. तोच सगळ्यात जवळचा रस्ता. बाबांनी स्वतः दोनदा दोरा ताणून बघितला, मग काही बोलले नाहीत, म्हणजे पटलं.

आता त्यांनी घरापासून घरापर्यंतचा हिशोब मागितला. पुण्यातून दुपारी चारला निघालो ते ताईच्या दारात आपल्या घड्याळाने दुसऱ्या दिवशी रात्री आठला, अठ्ठावीस तास. पावणेतेरा हजार भागिले अठ्ठावीस, ताशी साडेचारशे. "बरं आहे," म्हणाले, मग पेन पुन्हा वर गेलं. पुणे ते सहार दीडशे किलोमीटरला साडेपाच तास, घाटात कंटेनर बंद पडलेला, त्यात ड्रायव्हरला फूडमॉलवर वडापाव हवाच होता. ताशी सत्तावीस. बाबांनी त्या आकड्याखाली दोन रेघा मारल्या, चष्मा काढला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "एवढा अमेरिकेला निघाला होतास, तर दादरपर्यंत शिवनेरीने जायला काय झालं होतं?"