ठोके मोजून मिळालेत म्हणे!

‘देवानं प्रत्येकाला हृदयाचे ठोके मोजून दिलेत. भरभर चाललं की ते लवकर संपतात. चाळिशीनंतर चालणं-पळणं बंद करा.’ आठवडाभर हा मेसेज आमच्या भावकीच्या ग्रुपवर फिरायलाय. खाली ‘जर्मनीच्या डॉक्टरांचं संशोधन’, ना नाव ना साल. जर्मनीचं म्हटल्यावर परभणीत लगेच पटलं असणार! तेवढ्यावर शुगर असलेल्या आमच्या मामांनी कृषी विद्यापीठाच्या रस्त्यावरचं पहाटेचं चालणं सोडलं.

मामा, तुम्ही आडतीची पट्टी तोंडी तपासता, मग हाही हिशेब करा. बसल्या जागी मिनिटाला 72 ठोके धरले तर दिवसाचे 1,03,680. अर्धा तास झपाझप चालताना 120 धरा, जास्तीचे झाले 1,440. पण रोज चालणाऱ्याचं हृदय दमदार होतं, एका ठोक्यात जास्त रक्त फेकतं आणि एरवी कमी ठोक्यांत भागवतं. काही महिन्यांनी 72 चे 66 जरी झाले, तरी उरलेल्या साडेतेवीस तासांत 8,460 वाचले. म्हणजे ठोके मोजून मिळतात ही थाप खरी धरली तरी फायद्यात चालणाराच.

नाव-साल असलेलं संशोधन पाहिजे ना? ब्रिटिश डॉक्टर जेरेमी मॉरिस, 1953, ‘लॅन्सेट’ हे वैद्यकीय नियतकालिक. लंडनच्या दुमजली बसमधले ड्रायव्हर दिवसभर बसून, कंडक्टर दिवसभर जिन्यावर वर-खाली. हृदयविकार कंडक्टरांमध्ये कमी निघाला. ड्रायव्हर मुळातच जाडे असतील, ही शंका मॉरिस यांनीच पुढं युनिफॉर्मच्या कमरेच्या मापांवरून तपासली. मापं खरंच मोठी निघाली, पण फरकाचं सगळं कारण तेवढंच नव्हतं.

‘घाम म्हणजे वितळलेली चरबी’ हेही त्याच मेसेजमध्ये. घाम म्हणजे पाणी आणि मीठ. चरबी जळते तेव्हा तिचा बराचसा भाग कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासातून जातो. पुढं चला.

‘शेतकऱ्याला वेगळा व्यायाम लागत नाही.’ हे अर्धं खरं आहे, मान्य. दिवसभर खुरपणाऱ्या, सोयाबीन काढणाऱ्या बाईला मी चालायला सांगणार नाही. पण रान बटईनं देऊन मोटरसायकलवर बांधापर्यंत जाणाऱ्यानं हे वाक्य फॉरवर्ड करू नये.

शुगरवाल्याचं तर यात सरळ नुकसान आहे. चालताना पायाचे स्नायू रक्तातली साखर इन्सुलिनवर फारसं अवलंबून न राहता ओढून घेतात आणि नंतरही बराच वेळ इन्सुलिन जास्त चांगलं काम करतं. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान 150 मिनिटं सांगते. वेग एवढाच, की बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये.

मे महिन्यात उन्हं चढल्यावर चालू नका. चालताना छातीत दुखलं, दम कोंडला तर थांबा आणि डॉक्टर गाठा. इन्सुलिन किंवा शुगरची गोळी चालू असेल तर खिशात साखरेची पुडी ठेवा. रक्तातली साखर फार उतरून हातपाय थरथरले, दरदरून घाम फुटला तर ती तोंडात टाकायची आणि तिथंच बसायचं.