'वसुलीवाल्यांची तक्रार करू नका' हा मेसेज पुढे ढकलण्याआधी हे वाचा

आमच्या काकीच्या बचत गटाच्या ग्रुपवर आलेला मेसेज तुमच्याकडेपण आला असेलच. सारांश असा की कर्जाचे हप्ते वसूल करायला येणाऱ्यांची सरकारकडे तक्रार करू नका, हप्ता थकलेल्याला तक्रारीचा हक्क नसतो, सिबिल (कर्जफेडीचा स्कोअर) कायमचं जातं, वकील लावून मुंबईला खेपा घालाव्या लागतात, आणि शेवटी पोलीस तुम्हालाच उचलतात. खाली हात जोडलेले इमोजी आणि "महिलांच्या हितासाठी". काकीने वाचलं आणि म्हणाली, "आमका खय जमतली कोर्टकचेरी, गप रवलेला बरा."

जून-जुलै मासेमारी बंदी, होडी वर काढलेली, मायक्रोफायनान्सचे, म्हणजे बचत गटांना छोटी कर्जं देणाऱ्या कंपनीचे, काकीचे हप्ते चुकले. आता वसुलीचा पोरगा रात्री जेवणाच्या वेळेला पडवीत येऊन बसतो आणि चार घरांना ऐकू जाईल असं बोलतो. हे कुणाचं हित म्हणायचं?

थकलेल्याला हक्क नाही, हे तर डोकं फिरवणारं आहे. अहो, वसुलीचे नियम थकलेल्यासाठीच केलेत ना, वेळेवर भरणाऱ्याच्या दारात कोण कशाला येईल? रिझर्व्ह बँकेने 14 मार्च 2022 ला मायक्रोफायनान्ससाठी जे निर्देश काढले त्यात स्पष्ट आहे की सकाळी 9 च्या आधी आणि संध्याकाळी 6 नंतर वसुलीसाठी फोन करायचा नाही, सारखा सारखा तर कधीच नाही, शिवीगाळ-धमकी नाही, नातेवाईक, मैत्रिणी, कामावरची माणसं यांना त्रास नाही, थकबाकीदारांची नावं जाहीर करायची नाहीत, आणि पैसे नाही भरले तर अमुक होईल अशी खोटी भीतीपण घालायची नाही. म्हणजे "पोलीस घेऊन येतो" हे त्या पोराचं वाक्यच नियमात बसत नाही. वसुली कुठे करायची ती जागासुद्धा दोघांनी मिळून ठरवायची असते, तिथे लागोपाठ दोनदा किंवा जास्त वेळा बाई आली नाही तरच घरी किंवा कामावर जायची परवानगी. आणि माणूस एजन्सीचा आहे म्हणून कंपनीला हात झटकता येत नाहीत, त्याच्या वागण्याची जबाबदारी कंपनीचीच.

सिबिलचं म्हणाल तर तिथे हप्त्यांची नोंद जाते. हप्ता चुकला तर स्कोअर पडणारच, तक्रार करा नाहीतर करू नका.

वकील आणि मुंबई? आधी कंपनीकडे लेखी तक्रार द्यायची, कुणाकडे ते लोन कार्डवर छापलेलं असतं. कधी आला, किती वाजता, काय बोलला ते तारखेसकट लिहा आणि पोच ठेवा. 30 दिवसांत उत्तर नाही किंवा उत्तर पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे. फी नाही, तक्रार मोबाईलवरून करता येते, माहितीसाठी 14448 नंबर आहे. उलट या लोकपाल योजनेत वकिलामार्फत केलेली तक्रार चालतच नाही! त्यामुळे "तक्रार करून देतो, इतके द्या" म्हणणारा कुणी एजंट भेटला तर त्यालापण दारातूनच वाटेला लावा.

एक मात्र मान्य करावं लागेल. तक्रारीने कर्ज माफ होत नाही, व्याज थांबत नाही, आणि दिवसाउजेडी येऊन नीट शब्दात पैसे मागणं हा काही छळ नव्हे. शिवाय कर्ज पतसंस्थेचं असेल तर लोकपाल कामाचा नाही, तिथे सहकार खात्याच्या तालुक्यातल्या सहाय्यक निबंधकांकडे जावं लागतं, आणि त्या ऑफिसात फाईल कशी सरकते ते आपल्याला माहीत आहे. विनापरवाना सावकार असेल तर तीपण तक्रार सहकार खात्याकडेच, 2014 चा सावकारी कायदा आहे त्यासाठी.

राहिले पोलीस. हप्ता थकणं हा गुन्हा नाही, ती दिवाणी बाब आहे. चेक बाऊन्स झाला तर चेकच्या कायद्यातल्या कलम 138 ची केस होते, ती वेगळी. धमकी देणं मात्र गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम 351. म्हणजे उचलायचं कुणाला हा प्रश्न मेसेजवाल्यांनी नेमका उलटा सोडवलाय. ठाण्यात तक्रार घेतली नाही तर तीच लेखी करून पोलीस अधीक्षकांकडे पोस्टाने पाठवता येते, कायद्यात तशी सोय आहे. सिंधुदुर्गवाल्यांसाठी ते ऑफिस ओरोसला.