५०० किलोमीटरचा अँटेना म्हणे!

‘घेऊन टाकू का रे?’ काकांनी खाली एवढंच लिहिलं होतं. वर तोच मेसेज, जो महिन्याभरात मला चौथ्यांदा आला: ‘फोर-के डिजिटल अँटेना, रेंज ५०० किलोमीटर, बूस्टर लावताच चॅनल दुप्पट, दिशा-आर्थिंगची कटकट नाही.’ काका छतावर चढायच्या आत उत्तर देणं भाग आहे.

आधी ते ५०० किलोमीटर. टीव्हीच्या रेडिओ लहरी (व्हीएचएफ आणि त्याहून आखूड लहरींचा यूएचएफ, असे त्यांचे दोन पट्टे) जवळपास सरळ जातात आणि पृथ्वी गोल आहे, त्यामुळे प्रक्षेपणाचा लांबचा मनोरा क्षितिजाखाली जातो. हवेमुळे लहरी किंचित वाकतात, हे खरं. त्याची भर घालायची म्हणून आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या पी.३१० या शिफारशीत पृथ्वीची त्रिज्या ४/३ पट, म्हणजे सुमारे ८,५०० किलोमीटर धरली आहे. त्यावरून हिशेब सोपा होतो: मनोऱ्याच्या आणि आपल्या अँटेनाच्या उंचीची (मीटरमध्ये) वर्गमुळं काढा, बेरीज करा, ४.१२ ने गुणा. उत्तर किलोमीटरमध्ये. मनोरा ३०० मीटर, अँटेना १० मीटर, तर ८४ किलोमीटर. ८२८ मीटरच्या बुर्ज खलिफाच्या टोकावरून प्रक्षेपण केलं तरी १३० च्या आसपास. ५०० साठी मनोरा लागेल १४ किलोमीटर उंच. एव्हरेस्ट ८,८४९ मीटरवर संपतं! विमानांनाही त्याला वळसा घालून जावं लागेल.

क्षितिजापलीकडे थोडाफार सिग्नल झिरपतो, मान्य. कधी थंड हवेवर गरम हवेचा थर बसतो आणि लहरी त्यात अडकून शेकडो किलोमीटर जातात, हेही मान्य. एखाद्या पहाटे परका चॅनल लागतो, उन्हं वर आली की गायब. त्याच्या भरवशावर मालिका बघणार का?

‘फोर-के’, ‘डिजिटल’ हे शब्द खोक्यावर शोभतात. अँटेनाच्या दांड्यांना चित्र कळत नाही, लहरीची लांबी कळते. दांडी साधारण अर्ध्या लहरीएवढी लागते: २०० मेगाहर्ट्झला (व्हीएचएफ) ७५ सेंटिमीटर, ६०० ला (यूएचएफ) २५. आपला मनोरा कोणत्या पट्ट्यात आहे, ते बघून अँटेना घ्यायचा.

बूस्टरबद्दल मात्र अर्धं खरं आहे. आरजी-६ (टीव्हीची नेहमीची गोल केबल) ३० मीटर असेल तर यूएचएफचे ५-६ डेसिबल वाटेतच जातात, म्हणजे जवळजवळ तीन चतुर्थांश शक्ती. तिथे बूस्टर कामाचा, पण तो वर अँटेनापाशी हवा, टीव्हीमागे नव्हे. आलाच नाही तो सिग्नल तो वाढवणार कुठून? गोंगाट तेवढा वाढतो. पूर्वी निदान मुंग्यांमधून चेहरा दिसायचा, डिजिटलमध्ये चित्राचे चौकोन होतात आणि मग काहीच नाही.

दिशेचं थोडक्यात: चारही बाजूंनी घेणारा अँटेना असतो, पण त्याची पकड कमी. लांबचं हवं तर यागी, म्हणजे ओळीने आडव्या दांड्या असलेला, एकाच दिशेने घेणारा अँटेना, आणि तो मनोऱ्याकडेच रोखायला हवा.

आणि आर्थिंग ‘कटकट’? छतावर धातूचा खांब उभा करायचा आणि त्याची केबल थेट दिवाणखान्यात आणायची, मध्ये काही नाही! खांब आणि केबलचं आवरण, दोन्ही घराच्या आर्थिंगला जोडलेलं हवं. वीज थेट कोसळली तर त्यानेही सगळं वाचत नाही, पण जवळ पडलेल्या विजेचा झटका टीव्हीतून जाण्याऐवजी जमिनीत जायला वाट मिळते. ‘कटकट नाही’ असं लिहिणाऱ्याला पावसाळ्यात त्या खांबाशेजारी उभं करावं.

काकांना कळवलं: मनोरा कुठे, किती लांब, कोणत्या पट्ट्यात, हे आधी शोधा. उत्तर आलं, ‘बरं. पण त्यात १० वर्षांची वॉरंटी होती रे.’