अनवाणी म्हणून काढलं म्हणे!

"1950 च्या फुटबॉल वर्ल्ड कपला भारत सगळ्या आशियाला हरवून पात्र ठरला, पण आपले खेळाडू अनवाणी खेळतात म्हणून फिफानं प्रवेश नाकारला." हा मेसेज गेल्या आठवड्यात घरच्या ग्रुपवर आला. पाठवणारे आमचे दाजी. तेवढ्यावरच भागलं असतं तर मी गप्प बसलो असतो. पण भाच्यानं स्टड, म्हणजे खाली खुंट्या असलेले फुटबॉलचे बूट, मागितले तर दाजींनी हाच मेसेज त्याच्या पुढ्यात धरला. "बघ, बुटाशिवाय वर्ल्ड कपपर्यंत गेले होते आपले लोक. तुला कशाला पाहिजेत?" पोरगं इथं बेळगावात तांबड्या मुरमाच्या मैदानावर खेळतंय. अंगठ्याचं निम्मं नख आधीच गेलंय.

तर दाजी, सावकाश वाचा.

1948 च्या लंडन ऑलिम्पिकला आपले बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले. कुणी अडवलं नाही. 1952 ला हेलसिंकीलाही बरेचजण अनवाणीच उतरले, तिथंही कुणी हाकललं नाही. मग मधल्या 1950 सालीच फिफाला आपले पाय कसे काय दिसले?

गेलो नाही ते आपणच गेलो नाही. आपल्या फुटबॉल फेडरेशननं तेव्हा दिलेली कारणं होती संघनिवडीवरून मतभेद आणि सरावाला वेळ नाही. अनवाणी पायांचं नावसुद्धा नाही त्यात. आणि शैलेन मन्ना, जे त्या संघाचे कॅप्टन म्हणून गेले असते, त्यांनी म्हातारपणी सरळच सांगून टाकलं की वर्ल्ड कप म्हणजे काय याची आम्हाला तेव्हा कल्पनाच नव्हती, आमच्या लेखी ऑलिम्पिक हेच सर्व काही. ज्याचं जाणं हुकलं तोच असं सांगतोय. आणखी कुणाची साक्ष काढू?

"सगळ्या आशियाला हरवून" हे तर निव्वळ हवेतलं. ब्रह्मदेश, इंडोनेशिया, फिलिपिन्स, तिघांनी माघार घेतली आणि आपण एकही मॅच न खेळता पात्र ठरलो. वर्ल्ड कपमधल्या आपल्या गटात इटली, स्वीडन आणि पॅराग्वे होते.

खाली कुणीतरी "सरकारकडं बोटीचे पैसे नव्हते" असंही जोडलंय. प्रवास लांबचा आणि खर्चिक होता, हे खरं. पण ब्राझीलवाले खर्चाचा मोठा वाटा उचलायला तयार होते.

आता एक गोष्ट नाइलाजानं कबूल करतो. अनवाणी खेळणारे ते लोक भारीच होते. लंडनला फ्रान्सविरुद्ध दोन पेनल्टी वाया घालवूनही 2-1 नंच हरले. पण दाजी, तुमच्या मेसेजमध्ये हेलसिंकी नाही. तिथं युगोस्लाव्हियानं आपल्याला 10-1 नं धुतलं. त्यानंतर फेडरेशननंच बूट सक्तीचे केले. फिफानं नव्हे, आपल्याच लोकांनी! आणि 1956 ला मेलबर्नला हाच भारत ऑलिम्पिकमध्ये चौथा आला. नेव्हिल डिसूझांनी ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल ठोकले ते त्याच वेळी. यावर अभिमान बाळगा की, कोण नको म्हणतंय?

मेसेजच्या शेवटी मादागास्करमधल्या एका मॅचचा 149-0 चा विक्रम दिलाय, "एका संघानं 149 गोल मारले" म्हणून. आकडा बरोबर आहे, साल 2002. पण मारले ते स्वतःच्याच जाळ्यात. रेफ्रीच्या निकालांचा निषेध म्हणून हरणारा संघच बॉल आपल्या गोलमध्ये ढकलत राहिला आणि समोरचे उभे राहून बघत होते. असला विक्रम.

रविवारी मी खडेबाजारात चाललोय. भाच्याचा पाय पाच नंबर की सहा, तेवढं अक्काला विचारून ग्रुपवर टाका. मेसेज नको, नंबर टाका.