शहाण्या घरासाठी काही सूचना

घरातलं कुणी रात्र रात्र जागायला लागलं, एकटंच बोलायला लागलं, शेजारी करणी करतोय म्हणून दाराला दोन दोन कड्या घालायला लागलं, की पहिलं काम एकच: बाहेर कळू द्यायचं नाही. पोराला 'परीक्षेचं टेन्शन', बाईला 'अशक्तपणा' आणि म्हाताऱ्याला 'वय झालं' असं म्हणावं. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, या म्हणीत मानसोपचारतज्ज्ञाच्या दवाखान्याची पायरी सातारा-सांगलीकडच्या जाणत्यांनी केव्हाच जोडून टाकली आहे.

पूर्वी सगळं सोपं होतं, ही तक्रार रास्तच आहे. १८५८ साली इंग्रजांनी वेड्यांच्या इस्पितळांचा कायदा केला, १९१२ साली तो नव्याने केला. मॅजिस्ट्रेटचा हुकूम आणि डॉक्टरचा दाखला मिळाला की माणूस भिंतीच्या आत. पुढे बाहेर काढायची घाई ना सरकारला, ना घरच्यांना. १९२०च्या आसपास 'असायलम' पुसून 'मेंटल हॉस्पिटल' लिहिलं गेलं, मराठीत नंतर 'मनोरुग्णालय' आलं. पाटी बदलली तरी पत्ता तोच राहिला, म्हणून आजही कुणाचं डोकं फिरलं की आपण "येरवड्याला पाठवा" म्हणतो. १९१२चा तो कायदा स्वातंत्र्यानंतरही चाळीस-पंचेचाळीस वर्षं टिकला. त्याच्या जागी आलेला मानसिक आरोग्य कायदा संसदेत पास झाला १९८७ साली आणि लागू झाला १ एप्रिल १९९३ रोजी. तारीख बघून हसू नका.

मधल्या काळात सरकारने एक घोटाळा करून ठेवला. १९८२ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आणला, बळ्ळारी जिल्ह्यात करून बघितला आणि १९९६पासून जिल्ह्याजिल्ह्यांत नेला. म्हणजे पुण्यापर्यंत शंभरावर किलोमीटर जायची जी हुकमी सबब होती, ती गेली. जिल्हा रुग्णालयात केसपेपर काढला की गोळ्या मिळणार, असा बेत. यावर तोडगा आहे. सातारकराने सिव्हिलला न जाता मिरजेला जावं, सांगलीकराने पुणं गाठावं. घरी "हाडाच्या डॉक्टरकडे चाललोय" म्हणावं. मिरजेचं नाव घेतलं की कुणी जास्त विचारत नाही. तिथल्या बाकावर गल्लीतले पाव्हणे भेटले, तर त्यांचंही हाडच दुखत असतं. दर महिन्याला एसटीचं भाडं आणि रोजगार बुडाला की चौथ्या महिन्यापासून औषध आपोआप बंद पडतं, हा जादा फायदा.

पण डॉक्टर हा शेवटचा टप्पा. आधी देवऋषी. इथे मात्र सांभाळून. डॉ. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचेच. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला, काही दिवसांत वटहुकूम निघाला आणि वर्ष संपता संपता जादूटोणाविरोधी कायदा झाला. भूत उतरवायच्या नावाखाली साखळीने बांधणं, काठीने किंवा चाबकाने मारणं, मिरचीची धुरी देणं, पायताण भिजवलेलं पाणी पाजणं, हे सगळं त्याच्या अनुसूचीत लिहिलेलं आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं, दंड पाच ते पन्नास हजार. वाचून वाटतं, यादी करणाऱ्याने आपलीच आळी बघितली असावी. लिंबू, नारळ, टाचण्या आणि उतारा मात्र अजून चालतो. त्यात सहा महिने सहज जातात, आणि आजाराला मुरायला तेवढे पुरतात.

साखळीचं म्हणाल, तर तमिळनाडूत एरवाडीला ६ ऑगस्ट २००१च्या पहाटे मनोरुग्ण ठेवलेली झावळ्यांची शेड पेटली. आतले लोक खाटांना बांधलेले होते. २८ जण गेले. आपल्याकडे तसं काही होत नाही. आपण माणूस मागच्या खोलीत ठेवतो आणि कडी फक्त बाहेरून लावतो.

आता गोळ्यांचं. खरी कारागिरी इथे लागते. नैराश्यासाठी डॉक्टरने समजा दोन गोळ्या लिहून दिल्या: एसिटालोप्राम १० मिलिग्रॅम आणि झोपेसाठी क्लोनाझेपाम अर्धा मिलिग्रॅम. पहिलीचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि सुरुवातीच्या दिवसांत उलट मळमळ नि अस्वस्थपणा येतो. दुसरी त्याच रात्री झोपवते. तेव्हा दहाव्या दिवशी पहिली 'सूट होत नाही' म्हणून बंद करावी आणि दुसरी चालू ठेवावी. दुसरी दोन-तीन आठवड्यांसाठीच होती, पुढे तिची सवय लागते, असल्या तपशिलात शिरू नये. चुकून पहिलीच चालू राहिली आणि माणूस हसायला-बोलायला लागला, तर त्याच दिवशी बंद करावी. बरं वाटल्यावरही सहा ते नऊ महिने घ्यायची असते, असं डॉक्टर सांगतात. सांगायला त्यांचं काय जातं?

भास-संशयाच्या आजाराला रिस्पेरिडोन किंवा हॅलोपेरिडॉल देतात. त्याने कुणाकुणाचं अंग ताठतं, हात कापतात, लाळ गळते. म्हणून सोबत ट्रायहेक्सिफेनिडिलची दोन मिलिग्रॅमची गोळी असते. "एवढ्या गोळ्या कशाला?" म्हणत तीच आधी काढावी. चार दिवसांत माणूस लाकडासारखा चालायला लागला, की "औषधानेच याची ही दशा केली" असं सगळ्या भावकीला दाखवता येतं.

मन कधी उधाणणाऱ्या तर कधी खचणाऱ्या आजारावरचं लिथियम असेल तर वारीची वाट बघावी. हे मीठ मूत्रपिंडातून बाहेर पडतं; अंगातलं पाणी कमी झालं की रक्तात साठतं. म्हणून तर मधूनमधून रक्त तपासायचं असतं, आणि ते आपण तपासत नाही. लोणंद-फलटणच्या उन्हात पायी चालवावं, वर एकादशीचा निर्जळी उपवास, आणि गुडघे दुखले की मेडिकलमधून डायक्लोफेनॅक. हात जोरात कापायला लागले, उलट्या झाल्या, तोल जायला लागला, तर "अंगात आलंय" म्हणून पुढे नारळ ठेवावा.

एवढ्यानेही भागलं नाही, तर लग्न. साखरपुड्याच्या आदल्या दिवशी गोळ्यांची पिशवी माळ्यावर टाकावी. लग्नाच्या गडबडीत झोप मोडते, औषध बंद असतं, पंधरा दिवसांत आजार उलटतो, आणि दोष नव्या सुनेच्या पायगुणावर जातो.

२०१७चा नवा मानसिक आरोग्यसेवा कायदा मात्र फार भोचक आहे. २९ मे २०१८पासून लागू झाला. पेशंटच्या संमतीशिवाय, त्याच्या प्रतिनिधीच्या सहीवर दाखल करायचं तर मानसोपचारतज्ज्ञाने आणि आणखी एकाने वेगवेगळं तपासायचं, पहिली मुदत जास्तीत जास्त ३० दिवस, आणि अशा भरतीवर नजर ठेवणाऱ्या मंडळाला सात दिवसांत कळवायचं. बाई किंवा अल्पवयीन असेल तर तीन दिवसांत. भूल दिल्याशिवाय शॉक नाही. साखळी नाही. बळजबरीने डोकं भादरणं नाही. रस्त्यावर भटकणारा सापडला तर पोलिसांनी कोठडीत न टाकता दवाखान्यात न्यायचं. विमा कंपनीने शरीराच्या आजारासारखाच हाही आजार धरायचा. पुढे आपल्यावर कोणते उपचार करावेत आणि करू नयेत, हे माणसाने शहाणा असताना लिहून ठेवायचं. आपल्याकडे मृत्युपत्र लिहा म्हटलं तरी आबा चार दिवस जेवत नाहीत, तिथे हे!

दाखल्याच्या बाबतीत तेवढी दक्षता घ्या. अपंगत्व ४० टक्के निघालं तर सवलती मिळतात. ते मोजताना चार गोष्टी बघतात: स्वतःची काळजी, माणसांशी वागणं, बोलणं-समजणं, काम. सोबत आजार किती वर्षांचा आहे तेही. त्या दिवशी आठवणीने पोराची दाढी करा, केसाला तेल लावा, कडक इस्त्रीचा शर्ट घाला. डॉक्टरने "आंघोळ स्वतः करतो का?" विचारलं की त्याच्या आधी आपणच म्हणावं, "सगळं करतो हो, काऽही प्रॉब्लेम नाही." मागच्या महिनाभरात तुम्हीच त्याला रोज न्हाणीत ढकलत होता, हे चारचौघांत सांगायचं नसतं. दाखला नामंजूर झाल्यावर सरकारला शिव्या द्यायला आपण मोकळे.

१४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा, नंबर मोबाईलमध्ये ठेवू नका. फुकट आहे, चोवीस तास आहे, आणि पलीकडचा माणूस मराठीत बोलतो. पूर्वी आत्महत्येच्या प्रयत्नाचा गुन्हा होतो म्हणून गप्प बसता येत होतं. २०१७च्या कायद्याने अशा माणसावर तीव्र ताण होता असंच धरायचं ठरवलं आणि १ जुलै २०२४पासूनच्या न्याय संहितेत ते जुनं कलमच नाही. गप्प बसायला आता नवं कारण शोधावं लागेल. तुम्हाला सुचेलच.

राहता राहिला पत्ता. भरती करताना फॉर्मवर गावाचं नाव बरोबर लिहावं, तालुका तेवढा बदलावा. वडगाव म्हटलं की कोणतं, हे पोस्टमनलासुद्धा पटकन सांगता येत नाही. मोबाईलचे शेवटचे दोन आकडे उलटसुलट करावेत. 'पेशंट बरा आहे, घेऊन जावे' असं पत्र येतं, ते मग फिरत राहतं. यात एकच धोका: बरं झालेल्या माणसाला आपलं गाव, आळी आणि दारातलं कडुलिंबाचं झाडसुद्धा आठवतं. तो समाजसेवा अधीक्षकांना रस्ता सांगतो आणि एखाद्या दुपारी त्यांची जीप दारात उभी राहते. ती वेशीत दिसली, की मागच्या खोलीचं कुलूप काढून पुढच्या दाराला लावा आणि शेताकडे निघा.